पडदा सरळ करणारे आप्पा

आप्पा कुणाच्याही कॉम्प्युटरसमोर उभे राहिले की पडद्यावर काय लिहिलंय ते आधी वाचत नसत. आधी पडदा ताणलाय का ते बघत. बँक असो, दवाखाना असो, नाहीतर तलाठ्याचं ऑफिस. खुर्चीतला माणूस "बोला काका" म्हणून थांबलेला असायचा आणि आप्पा मान तिरकी करून त्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत असायचे. मग हळूच म्हणायचे, "सायेब, तुमची अक्षरं अंगानं सुटल्यात बगा. दोन मिन्टं माऊस देता का?" दहातले नऊ जण देत नसत. दहावा द्यायचा, आणि अर्ध्या मिनिटात त्याचा स्क्रीन असा लख्ख व्हायचा की तो आपला चष्मा काढून पुसायचा आणि पुन्हा बघायचा.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंग काढायच्या कामाला लागले, तेव्हा आप्पा तिथले सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन होते. साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग आम्ही करत असू. जाड लोखंडी प्लेटा, चाकं, बेअरिंग बसवायची घरं. ड्रॉइंगच्या खोलीत दोन टेबलं आणि दोन कॉम्प्युटर, एक आप्पांचा, एक माझा. मी मूळची म्हसवडची. लग्न होऊन सांगलीत आलेली, नवरा फौजेत. हातात डिप्लोमा होता, साताऱ्यात दोन वर्षं काम केलेलं होतं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी सकाळी दहा वाजता गेला.

आप्पा माझ्या टेबलाशी आले. त्यांनी नाव विचारलं नाही. "गाव कंचं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं.

"बरं. म्हसवड, एक गोल काड."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी म्हसवडच राहिले. ते सगळ्यांना गावाच्याच नावानं हाक मारत. ड्रिल मशीनवरचा माणूस शिराळा होता, टेम्पोवाला जत. मी वर्तुळ काढलं. आप्पांनी शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि सरळ स्क्रीनच्या काचेवर ठेवली.

"आडवं ऐंशी." मग पट्टी उभी केली. "उभं साठ. ह्येला तुमच्या म्हसवडात गोल म्हणत्यात व्हय?"

"कॉम्प्युटरच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, आप्पा. छापल्यावर गोलच येईल."

"येतंय की. पर तू दिवसभर अंडं बगत बसणार. डोळ्याला अंड्याची सवय लागली की खरं गोल तुला चपटं दिसंल. मग काय करशील?"

माझ्या आधीच्या माणसानं नव्या रुंद मॉनिटरवर जुन्या चौकोनी मॉनिटरचंच रेझोल्यूशन ठेवलं होतं, आणि सगळं चित्र आडवं ओढलं गेलं होतं. आप्पांनी मोकळ्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाबलं, डिस्प्लेची सेटिंग उघडली आणि आकड्यांच्या यादीत ज्याच्यापुढे 'शिफारस केलेलं' असं लिहून येतं तो आकडा निवडला. स्क्रीन एकदा काळा झाला आणि परत आला. माझं अंडं गोल झालं होतं.

"रानात सऱ्या किती हायत ते बगायचं, आन तितक्याच सऱ्यांचं पानी सोडायचं," आप्पा म्हणाले. "ह्या काचंच्या मागं आडव्या अंगानं एकोणीसशे वीस ठिपकं हायत. तू पाठवलंस एक हजार चोवीसाचं चित्र. मग त्यो बिचारा काय करणार? एकाचं पानी दोघांत वडतो. म्हणून समदं पसरट आन गढूळ."

चित्र साफ झालं खरं, पण आता अक्षरं बारीक दिसायला लागली होती. मी तसं म्हटलं. आप्पा याचीच वाट बघत असावेत. त्यांनी त्याच पानावर थोडं वर जाऊन 'स्केल' म्हणून जे असतं तिथे शंभराचे एकशे पंचवीस टक्के केले. अक्षरं मोठी झाली आणि तरी कोरीव राहिली. "ध्यानात ठेव. ल्हान-मोटं करायची जागा ही. रेझोल्यूशनला हात लावायचा न्हाई. लोकं अक्षर मोटं व्हावं म्हणून रेझोल्यूशन कमी करत्यात आन मग म्हणत्यात, डोळं दुखत्यात."

हा धडा त्यांनी वर्कशॉपच्या मालकांनाही दिला होता. मालक पन्नाशीचे, चष्मा टाळणारे. कुणीतरी त्यांच्या कॉम्प्युटरचं रेझोल्यूशन पार खाली आणून ठेवलं होतं. अक्षरं भाकरीएवढी, पण कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. आप्पांनी ते नीट करून दिलं आणि स्केल वाढवून दिलं, तेव्हा मालक म्हणाले, "म्हणजे हे दोन वेगळं असतं होय?"

"येगळं न्हाई तर काय! धोतर आकूड झालं म्हणून पाय कापायचं का, मालक?"

पट्टीची सवय त्यांना पहिल्या मॉनिटरपासून लागली होती. त्याआधी वीसेक वर्षं ते तिरक्या फळ्यावर, टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनानं ड्रॉइंग काढत. वर्कशॉपमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे म्हणाले, आप्पांचं संपलं. आप्पा सांगलीला जाऊन कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून शिकून आले. तो मॉनिटर टीव्हीसारखा पोट सुटलेला होता. खाली बटणं होती, त्यांनी चित्र रुंद-अरुंद, उंच-बुटकं करता यायचं. तो तापला की चित्र हलायचं, वीज कमी-जास्त झाली की हलायचं. म्हणून आप्पा रोज सकाळी आल्या आल्या एक वर्तुळ काढून पट्टीनं मोजत, बटणं फिरवत आणि मगच कामाला बसत. पातळ मॉनिटर आले, बटणं गेली, पण आप्पांचं सकाळचं वर्तुळ चुकलं नाही. पूजा झाल्याशिवाय चहा न घेणारी माणसं असतात, तसं ते होतं.

एकदा वर्कशॉपमधल्या शिराळ्याच्या, म्हणजे ड्रिलवाल्याच्या, बहिणीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. मांडवात दोन मोठे टीव्ही लावले होते, मागच्या पाहुण्यांना अक्षता दिसाव्यात म्हणून. आप्पांनी टीव्हीकडे एकदा बघितलं आणि जेवायच्या पंगतीतून उठले. मांडवाच्या कोपऱ्यात कॅमेरावाला बसला होता. आप्पा त्याला म्हणाले, "आरं गड्या, नवरी जाड दिसाय लागल्या. पोरगी काटकीवानी हाय, आन तू तिची मावशी करून टाकलीस." तो म्हणाला, टीव्हीच तसा आहे. आप्पा म्हणाले, "टीव्ही न्हाई, तू तसा हायस. रिमोट आन." पाच मिनिटांत नवरा-नवरी दोघंही बारीक झाली. नवरीच्या आईनं नंतर आप्पांसाठी पुन्हा ताट वाढायला सांगितलं, कारण पहिलं तसंच राहिलं होतं.

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा हसत हसत सांगत होत्या. जुने कार्यक्रम चौकोनी असतात, नव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून बघावे लागतात. काकूंना ते पट्टे आवडत नसत. त्या चित्र ताणून पूर्ण टीव्हीभर करत. "आवं, माणसं जरा भरलेली बरी दिसत्यात," असं त्या आप्पांना ऐकवत. आप्पा मग तोंड फिरवून बसून नुसतं ऐकत.

मी तिथं लागून चौथं वर्ष असेल. गणपती नुकतेच होऊन गेले होते. एका सकाळी आप्पा आपल्या टेबलावरून म्हणाले, "म्हसवड, माज्या पडद्याला काय केलंस?"

"मी कशाला हात लावू, आप्पा?"

"ही रेघ बग. मधी पोट आलंय."

मी बघितलं. रेघ सरळ होती. मी रेझोल्यूशन पाहिलं, जे असायला हवं तेच होतं. स्केलही ठीक होतं. आप्पांनी केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. रेझोल्यूशन खाली आणलं, परत वर नेलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वर्तुळ काढून पट्टी लावली. आडवं ऐंशी, उभं ऐंशी. ते पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही बी झिजली आसंल." चार वर्षांत त्या पट्टीवर त्यांनी संशय घेतलेला मी पहिल्यांदा ऐकला.

मालकांनी कुरकुर न करता नवा मॉनिटर आणून दिला. दोन दिवस आप्पा त्याच्याशी झटत होते. तिसऱ्या दिवशी त्यांची तक्रार थांबली. मला वाटलं, मिटलं. मिटलेलं काहीच नव्हतं, त्यांनी सांगणं तेवढं बंद केलं होतं.

त्यानंतर महिनाभरात एका कारखान्याचं काम आलं. जाड गोल प्लेट, तिच्या कडेनं आठ बोल्टांची भोकं. गिऱ्हाइकानं पाठवलेलं मूळ ड्रॉइंग म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आकडे पुसट. भोकांच्या वर्तुळाच्या व्यासाचा आकडा मला नीट लागेना. मी कागद घेऊन आप्पांकडे गेले.

"आप्पा, हे तीनशे अडुसष्ट आहे का तीनशे अठ्ठ्याऐंशी?"

त्यांनी कागद खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. "अठ्ठ्याऐंशी."

"नक्की?"

"आप्पाला नक्की इचारतीस?"

मी तोच आकडा घातला. खाली माझं नाव, 'तपासले' पुढे आप्पांची सही. प्लेट झाली, गेली, आणि चौथ्या दिवशी टेम्पोतून परत आली. आठातला एक बोल्टही बसला नव्हता.

मालकांनी मला बाहेर मशीनींमध्ये बोलावून घेतलं. सगळे आपापल्या जागी थांबलेले. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं माझं नाव दाखवून ते म्हणाले, "डोळे उघडे ठेवून काम करता का झोपेत?" आणखीही बरंच बोलले. आप्पा ड्रिल मशीनजवळ उभे होते. मी एकदाच त्यांच्याकडे बघितलं. ते पँटीला हात पुसत होते, हात काही मळलेले नव्हते. त्यांनी मान खाली घातली.

मी काही बोलले नाही. थोरल्या माणसाचं नाव चारचौघांत घेऊ नये हे एक कारण. दुसरं असं, की ते स्वतः बोलतील म्हणून मी वाट बघत होते. ते बोलले नाहीत. त्या दिवशी मी डबा वेगळा बसून खाल्ला आणि पाच वाजता त्यांना न सांगता घरी गेले. रात्री सासूबाईंनी विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, डोकं दुखतंय. खरं तर दुखणं वेगळंच होतं. ज्या माणसाला दुसऱ्याच्या पडद्यावरची वाकडी रेघ सोसत नव्हती, त्यानं आपल्यापुढे एवढं वाकडं घडताना गप्प बसावं, हे मला पचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. आप्पा माझ्याही आधी आलेले होते. त्यांच्या स्क्रीनवर ड्रॉइंग नव्हतं, नुसता चौकटींचा आलेख लावलेला होता, एकसारख्या बारीक चौकटी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आप्पांनी तळहातानं उजवा डोळा झाकला होता. मी पर्स ठेवली. त्यांनी न वळताच विचारलं.

"म्हसवड, हितं मधी चौकटी हायत का गं?"

"आहेत."

"समद्या?"

"सगळ्या आहेत, आप्पा."

"मला मधल्या दिसत न्हाईत. राकाडी डाग हाय नुसता." त्यांनी हात दुसऱ्या डोळ्यावर नेला. "आन ह्या डोळ्यानं दिसत्यात, पर वाकड्या. पाण्यात बगितल्यागत. मी आपला पडद्याला नावं ठेवत बसलो."

"कधीपासून?"

"उनाळ्यापासनं."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगू? ड्रॉइंगवाल्याला दिसत न्हाई म्हणल्यावर त्येचं मागं ऱ्हायलं काय?"

माझा राग अजून गेला नव्हता, पण त्याला बसायला जागाही उरली नव्हती. तरी मी म्हटलं, "काल तुम्ही बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," आप्पा म्हणाले. "पायजे हुतं."

मग ते उठले आणि बाहेर गेले. मीही मागोमाग गेले. मशीनी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आप्पांनी शिराळ्याला हात करून ड्रिल बंद करायला लावलं, बाकीच्यांनीही आपोआप बंद केल्या. मालक केबिनमधून बाहेर आले. आप्पा म्हणाले, "मालक, काल ह्या पोरीला बोललासा. प्लेटीच्या ड्रॉइंगवर सही माजी हाय. आकडा हिनं मला दोनदा इचारला, आन चुकीचा मी सांगितला. मला दिसत न्हाई. आन काल हितंच हुबा राहून गप बसलो. पैली चूक डोळ्याची हुती. दुसरी माजी."

मालक माझ्याकडे वळून "ताई, माझं चुकलं" म्हणाले, आणि आप्पांना म्हणाले, "आधी सांगायचं नाही का हो?" आणि गाडीची किल्ली आणायला आत गेले.

आम्ही मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काकू गावाहून परस्पर तिथे आल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून बराच वेळ तपासलं आणि म्हणाल्या, "तुमचा पडदा मधोमध खराब झालाय."

"कंचा पडदा?" आप्पांनी विचारलं.

"डोळ्याचा. आत मागच्या बाजूला असतो. त्याच्यावरच चित्र उमटतं."

"म्हंजे बिघाड पडद्यातच हुता," आप्पा आमच्याकडे बघून म्हणाले. "जागा तेवडी चुकली."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात चौकटींचं एक कार्ड दिलं, एक डोळा झाकून बघायला सांगितलं. आप्पा म्हणाले, "बाई, ह्यो पेपर मी सकाळीच देऊन आलोय." उजव्या डोळ्यात इंजेक्शनं घेतली तर आहे ते टिकेल, असं बाईंनी सांगितलं. डाव्या डोळ्याचा मधला भाग आता परत येणार नाही. आप्पांनी कार्ड त्यांना परत दिलं.

"मग ह्येचं रेझोल्यूशन काय वाडवता येत न्हाई?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही, काका. समोरची वस्तू मोठी करून बघायची. तेवढंच आपल्या हातात."

डोळ्यात सुई म्हटल्यावर आप्पा आत बोलावणं येईपर्यंत काकूंचं मनगट धरून बसले होते. काकू नंतर मला म्हणाल्या, "सुई ह्यांच्या डोळ्यात, आन वळ माज्या हातावर."

महिन्याभरानं ते कामावर आले ते स्कूटर घरी ठेवून, बसनं. मालकांनी त्यांना घरी बसायला सांगितलं नाही, आणि आप्पांनीही पहिल्यासारखं काम मागितलं नाही. "तपासायची सही आता म्हसवडची," असं त्यांनीच जाहीर केलं. मी घाबरले. म्हटलं, "आप्पा, मला भीती वाटते."

"वाटायलाच पायजे. मी भ्यायचं सोडलं तवाच चुकलो."

त्यांचा कॉम्प्युटर मी लावून दिला. पहिल्या दिवशी त्यांनी मला जे शिकवलं होतं तेच मी त्यांच्यासाठी केलं. रेझोल्यूशनला हात न लावता स्केल वाढवत नेलं. दीडशे, पावणेदोनशे, सव्वादोनशे. माऊसचा बाण जाड आणि पिवळा केला, पाठीमागचा रंग काळा केला. सव्वादोनशेवर सगळी बटणंच अर्धा स्क्रीन खाऊन टाकत, ड्रॉइंगला तळहाताएवढी जागा उरे. त्या तळहाताएवढ्या जागेतून आप्पा मोठमोठी ड्रॉइंगं तुकड्या-तुकड्यानं बघत जात. वेळ लागे. पण कुठे रेघेला रेघ भिडत नसली तर अजूनही तेच सांगत, मी नाही.

आकड्यांवर मात्र त्यांनी स्वतःचा विश्वास ठेवला नाही. मी आकडे मोठ्यानं वाचायचे, आणि सगळे वाचून झाले की पुन्हा पहिल्यापासून, यावेळी खालून वर. बाहेरून येणारी माणसं हसायची. शाळा भरली का, असं विचारायची. आप्पा मान डोलवत ऐकत राहायचे.

आणि एक नवीच लकब त्यांना लागली. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून ते एखादी गोष्ट बघायची तर तिच्या जरा बाजूला बघत. माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघत. एक नवा टेम्पोवाला दोनदा आपला कान चाचपून गेला. शेवटी त्यानं विचारलंच, "काका, कानावर काय हाय काय माज्या?" आप्पा म्हणाले, "न्हाई रं. तुजं त्वांड बगतोय."

अशी आणखी अडीच वर्षं गेली. मग माझे यजमान फौजेतून निवृत्त झाले, त्यांना साताऱ्यात काम मिळालं आणि आम्ही तिकडे बिऱ्हाड हलवलं. शेवटच्या दिवशी वर्कशॉपमध्ये पेढे, नारळ, साडी असं सगळं रीतसर झालं. मी पाया पडले तेव्हा आप्पा म्हणाले, "सही करताना घाई करू नगंस." मी आज साताऱ्यात जिथे काम करते तिथेही आकडे मोठ्यानं वाचते, दोनदा, दुसऱ्यांदा खालून वर. माझ्या हाताखालच्यांना ते आता माझंच खूळ वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मी आप्पांना भेटायला त्यांच्या गावी गेले. त्यांनी काम सोडून वर्ष झालं होतं. कृष्णेकाठचं गाव, घराच्या मागं ऊस. माझी मुलगी दीड वर्षाची, तिला प्रवासात खोकला नको म्हणून साताऱ्यातच ठेवून गेले होते. आप्पा हिरमुसले. "आणली आसतीस तर?" मी म्हटलं, फोनमध्ये फोटो आहे.

त्यांनी फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की स्क्रीनवर मुलीचं नुसतं कपाळ राहिलं. मग ते फोन तोंडाजवळ धरून, जरा तिरका करून, एका बोटानं फोटो इंच-इंच सरकवत बघू लागले. कपाळ झालं, भुवई झाली. मी काही बोलायला लागले तर म्हणाले, "गप. मावत न्हाई समदी एका टायमाला. एकेक बगू दे."

आतून काकू म्हणाल्या, "आवं, दिवस चाललाय. ताट वाडलंय." घरात जैन रीत कडक, सूर्य मावळल्यावर घास नाही, थेट दुसऱ्या दिवशी उगवल्यावर. उसाच्या शेंड्यांवरचं ऊन तांबूस झालं होतं.

"आलो. एक डोळा ऱ्हायलाय," आप्पा म्हणाले.

थोड्या वेळानं काकू दारात आल्या. "आवं, बुडाय लागला."

"नाकापत्तूर आलोय."

मी म्हटलं, "आप्पा, जेवून या. फोन कुठं जातोय?"

"तुजी यष्टी जातीया न्हवं? आन फोन काय हितं ठेवून जाणार हायस?"

मी पायरीवर बसून राहिले. आप्पा गालावरून ओठांवर आले, ओठांवरून खाली. ऊस काळा पडला. काकूंनी देवाजवळ दिवा लावला आणि ताटातल्या दोन्ही भाकरी गोठ्यात नेऊन म्हशीला घातल्या. तेव्हा कुठे आप्पांनी फोन माझ्या हातात दिला.

"हनुवटी तुजी हाय," ते म्हणाले. "बाकी समदं सासरचं."

मग पायात चपला घातल्या आणि उपाशीपोटीच मला फाट्यापर्यंत सोडायला निघाले.